पायगुणाचे सोफे

नवं बिऱ्हाड येतंय असं कानावर पडलं की मामींच्या अंगात संचारायचं. त्या परक्या देशात मामींना इतकी वर्षं झाली होती, की आपण रस्त्यावर पाय ठेवला की लाल दिवा घाबरून हिरवा होतो असं त्या सांगत. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी घराला बसचा पास, मुलांची शाळा, तूरडाळ कुठे मिळते आणि शेजाऱ्याकडे बघून किती हसायचं, सगळं त्याच शिकवायच्या. खऱ्या मामी त्या कुणाच्याच नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्याच होत्या.

या खेपेला तिघं आली होती. मुलगा गोदामात पाळीवर लागलेला. त्याची बायको शिवणकामात अशी पटाईत, की मामींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव टेलरबाई ठेवलं. आणि मुलाची आई, म्हणजे सासूबाई. त्यांच्या जिभेला धार लावायची कधी गरजच पडली नव्हती.

विमान उतरायच्या आधीच मामींनी फोन फिरवले होते. "अहो, बिचाऱ्यांना बसायला काही नाही हो!"

आता तिकडे जुना सोफा टाकून देणं म्हणजे मुलीचं लग्न लावण्याहून कटकटीचं. त्यामुळे लोक टपूनच बसलेले. डॉक्टरीणबाईंनी काटकोनात वळणारा भलामोठा सोफा धाडला. ट्रकवाल्या दादांनी स्वतःच्या ट्रकातून चामड्याचा आणला, त्याच्यावर बसलं की तो कण्हायचा. बँकवाल्या काकांचा तर सोफाही होता आणि पलंगही. एकदा उघडला तो पुन्हा मिटलाच नाही.

"नको कसं म्हणायचं?" टेलरबाई प्रत्येक वेळी म्हणाली, आणि प्रत्येक वेळी दार उघडलं.

दोन खोल्यांचं घर ते. स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जायचं तर दोन डोंगर आणि एक खिंड ओलांडावी लागे. सासूबाई रविवारी चामड्याच्या सोफ्यामागे पडलेला जपमाळेचा मणी शोधायला गेल्या, त्या सोमवारी चहाच्या वेळेला बाहेर आल्या. वर म्हणाल्या, "तिकडे हवा बरी आहे."

हसण्यावारी गेलं असतं हो, पण टेलरबाईला पडद्यांच्या एका दुकानानं पारख म्हणून काम दिलं होतं. उंच खिडकीच्या पडद्यांचा जोड. शुक्रवारी नेऊन द्यायचा. दोन्ही पडदे तंतोतंत जुळले तर कायमचं काम, नाहीतर राम राम. मशीन तिनं गावाहून आणलं होतं, कापडही आलं होतं, पण एवढं लांब कापड पसरायचं कुठे? सराव म्हणून तिनं सोफ्यांच्या पाठीवर टाकून घरची चादर कापून बघितली, तर ती अशी तिरकी गेली की पाहणाऱ्याची मान वाकडी व्हावी.

गुरुवारी सकाळी मामी आल्या तेव्हा ती रडकुंडीला आली होती.

"मामी, एक तरी सोफा न्या हो. जमिनीवर कापलं नाही तर हातचं काम जाईल माझं."

"अगं, लोकांना काय वाटेल? डॉक्टरीणबाई शनिवारी यायच्या आहेत, मुद्दाम स्वतःच्या सोफ्यावर बसायला!"

"मग तुमच्याकडे येऊन कापते."

"माझ्याकडे पुढच्या बिऱ्हाडासाठी जमवलेले पलंग आहेत," मामी हळूच म्हणाल्या.

सासूबाई खिंडीतून बोलल्या, "मामी, तुम्ही आमचं घर लावायला आलात की पुरायला?"

हे मात्र मामींना लागलं. आजवर कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. त्यांनी तडक फोन उचलला. थाप मारायची तर बारीक कशाला मारा?

"डॉक्टरीणबाई, तोंड गोड करा! पोरगी तुमच्या सोफ्यावर टेकली काय, आणि दुकानाचा निरोप आला काय! याला म्हणतात पायगुण."

"सोफ्याचा पायगुण?"

"मग! आपल्याला दोनच पाय, त्याला किती आहेत बघा."

पलीकडून उसासा आला. "आणि माझा मुलगा वर्षभर घरी बसलाय हो."

"कशावर बसलाय?"

"नव्या सोफ्यावर."

"तर मग!" मामी म्हणाल्या.

तीच थाप दादांना गेली, त्यांना लेकीचं लग्न जमवायचं होतं. तीच काकांना गेली. काकांची काही अडचण नव्हती, पण आपल्या वस्तूचा फायदा दुसरं कुणी घेतंय हे त्यांना सोसणारं नव्हतं.

दुपारी तिघंही एकदमच दारात. प्रत्येकजण दुसऱ्याला म्हणाला, "सहज आलो होतो." चामड्याचा सोफा कण्हत खाली गेला. काकांचा उघडाच्या उघडा गेला. डॉक्टरीणबाईंचा काटकोनी मात्र जिन्याच्या वळणावर जो बसला, तो बसलाच. दादा आणि काका वरून ढकलतायत, बाई वरून हुकूम सोडतायत, आणि खालून ओढायला कुणीच नाही. सगळे वर अडकले.

दम खाताना दादांनी विचारलं, "काय हो काका, तुम्ही तुमचा का नेताय?"

"पायगुणाचा आहे ना माझा."

"तुमचा? मामी तर म्हणाल्या माझा!"

"अहो, मला म्हणाल्या माझा!" डॉक्टरीणबाई फणकारल्या. तिघांनी मिळून मामींकडे असं बघितलं की मामींना तो जिना गिळेल तर बरं असं झालं.

"भांडता कशाला?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "तिघांचेही पायगुणाचेच. घराबाहेर पडल्या पडल्या आम्हाला घर मिळालं!"

आधी काका हसले, मग दादा. डॉक्टरीणबाई तेवढ्या फुगून होत्या. पण आत टेलरबाईनं सतरंजी सुद्धा गुंडाळून ठेवली होती आणि मोकळ्या जमिनीवर कापड उलगडलं होतं. कापड असं निसरडं की इकडे धरावं तर तिकडे पळतंय.

ती बाहेर येऊन म्हणाली, "खाली तर जाता येत नाही. आत येऊन बसा."

"कशावर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कोपऱ्यावर. कापडाच्या."

चार कोपऱ्यांवर चार वजनदार माणसं बसली. सासूबाई मधोमध उभ्या राहून पहारा देत होत्या. "काका, श्वास जरा बेतानं घ्या. डॉक्टरीणबाई, फुगायचं नंतर."

मामींनी तोंड उघडलं, "अगं, मी काय म्हणते..."

"मामी, तुम्ही बोललात की हलता."

खोलीत फक्त कात्रीचा आवाज. पहिला पडदा कापून झाला. दुसरा झाला. टेलरबाईनं एकावर एक ठेवले, कडेवरून बोट फिरवत गेली, गेली, आणि शेवटी खाली टेकून बसली. केसाचा फरक नव्हता. डॉक्टरीणबाईंच्या तोंडून निघून गेलं, "बाई गं! हात आहे की काय!"

तेवढ्यात खालून नवऱ्याची हाक आली. पाळी संपवून आला होता.

"अगं ए! जिन्यात सोफा आहे! वर कसा येऊ?"

टेलरबाईच्या ओठांत टाचण्या होत्या. तिनं त्या काढल्या नाहीत. तशीच ओरडली, "बस त्याच्यावर! अजून खालची दुमड घालायचीय, इथून कुणाला उठता येणार नाही!"