तेल गप्प होतं तेव्हा

बटाट्याचे काप तळावेत ते मिस्त्रींनीच, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. कुणाकडे पार्टी ठरली की पाहुण्यांच्या आधी मिस्त्रींना निरोप जायचा. जन्म सगळा गाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला, पण कढईवर हात असा बसला होता की काप तोंडात मोडला तर शेजारच्या खोलीत कळावं.

"इंजिन काय अन् तेल काय, दोन्ही कानानं ओळखायची," ते सांगायचे. "काप टाकले की तेल आरडाओरडा करतं. कापातलं पाणी संपत आलं की आवाज खाली येतो. आणि एकदम गप्प झालं की झारा घालायचा. रंगावर जाऊ नका. रंग फसवतो."

गॅरेज बंद केलं तरी कानांचा अभिमान काही कमी झाला नव्हता. त्यांची तक्रार एवढीच, की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

आज पार्टी त्यांच्याच घरी होती. लेकीला परदेशात नोकरी लागली होती आणि उद्या सकाळी तिचं विमान होतं. बायको गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. गेल्या वर्षीही तिला असंच बोलावणं आलं होतं, पण "एवढ्या थंडीत कोण जाऊन मरणार" म्हणून तिनं नाक मुरडलं. यंदा मिस्त्रींनीच तिचा पिच्छा पुरवला आणि काळजावर दगड ठेवून तिच्या तोंडून हो वदवून घेतलं.

काप दुपारीच पाडून, पाणी नितळ होईपर्यंत धुऊन, जुन्या चादरीवर पसरले होते. एरवी ते मुठीमुठीनं कढईत सोडायला लेक शेजारी असायची. लहानपणापासून ती तिचीच जागा. घाणा निघायच्या वेळी पहिला काप पळवायला ती पुढे वाकायची आणि तिचं कोपर हमखास मिस्त्रींच्या बरगडीत बसायचं. "सरक गं, भाजशील!" असं ओरडत ते झारा घालायचे.

आज मैत्रिणींनी तिला बैठकीच्या खोलीतून उठूच दिलं नाही. तिच्या जागी आक्का उभी राहिली. आक्का म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. तिचा आवाज असा, की तिनं घरात हाक मारली तर नाक्यावरचा माणूस ओ देईल. तिचं बोलणं मिस्त्रींना कधी दोनदा विचारावं लागत नसे.

पहिला घाणा पडला.

"अरे, काढ की," आक्का म्हणाली.

"गप गं. तेल अजून बोलतंय."

"कुणाशी बोलतंय? मला तर काही ऐकू येत नाही. अरे मेल्या, काळे झाले बघ!"

झाऱ्यात आले ते करपलेले तुकडे. मिस्त्रींनी आचेला दोष दिला, बटाट्यांना शिव्या घातल्या आणि दुसरा घाणा टाकला. तोही तसाच निघाला. मग आक्कानं हात लांब करून शेगडीच बंद केली.

कढईतलं तेल स्थिर झालं. एक बुडबुडा नाही. आणि मिस्त्रींच्या कानात ते अजून चुरचुरत होतं. त्यांनी दोन्ही कानांवर तळवे दाबले. आवाज तसाच.

"आक्का," ते म्हणाले, "मला अजून येतोय आवाज."

आक्कानं शेगडीचं बटण पुन्हा एकदा पिळून पाहिलं.

मिस्त्री कढईकडे बघत राहिले. कधीपासून? लेकीनं पळवलेला पहिला काप तोंडात टाकताना त्यांनी तिला शेवटचं कधी पाहिलं होतं? लहानपणी पाहिलं होतं, तोंड पोळून नाचताना. अलीकडे तो ओट्यावरच पडलेला असायचा; बरगडीतलं कोपर मात्र एकदाही चुकलं नव्हतं. बेल वाजली की "बाबा, दार!" असं समोर येऊन ओरडणारी तीच. फोन घेणारी तीच. आणि गेल्या वर्षीचं ते थंडीचं निमित्त.

करपल्याचा वास बाहेर गेला असावा. लेक दारात आली. तिनं ताटलीत पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि मग थेट मिस्त्रींच्या समोर येऊन उभी राहिली. नेहमीसारखी, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाबा, मी नाही जात. पुढच्या वर्षी बघू."

मिस्त्री हसले. कसे हसले ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"वेडी की काय! ही तुझी आत्या शेजारी उभी. इंजिन फुटलं तरी ऐकू येणार नाही, तिथं तेलाची काय कथा?"

आक्कानं एकदा भावाकडे पाहिलं. "माझंच चुकलं बाई," ती म्हणाली. "तोंडाला कुलूप म्हणून नाही माझ्या."

"आता बघ," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी शेगडी पेटवली.

आयुष्यभर ज्याला नावं ठेवली त्या रंगावर त्यांनी डोळे रोखले. बुडबुडे मोठे होते, मग मोहरीएवढे झाले, मग कडेला दोनचार उरले. त्यांनी बोट वर केलं. "ऐक. झालं गप्प."

काप सोनेरी निघाले. एक मोडून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. मोडल्याचा झटका बोटांना कळला, तेवढ्यावर भागवलं. लगेच पुढचा घाणा टाकून ते पुन्हा कढईवर वाकले. आता नजर काढून चालणार नव्हतं.

एवढ्यात आक्कानं त्यांना चिमटा काढला. लेक मागे उभी होती, तोंड नुकतंच मिटलेलं. ती काहीतरी म्हणाली होती.

"हो गं, मग काय!" मिस्त्री हसत म्हणाले.

 मग तिनं मान डोलावली, ताटली उचलली आणि बाहेर गेली. दारातून मिस्त्रींना मैत्रिणींचे हात ताटलीवर पडताना दिसले. लेकीचं तोंड खिडकीकडे होतं.

"काय म्हणाली ती?"

आक्कानं आधी दार लोटून घेतलं. "म्हणाली, बाबा, मी गेल्यावर तुम्हाला करमेल ना?"

मिस्त्रींनी गरम कापांवर मीठ भुरभुरलं. एकदा, मग विसरून पुन्हा एकदा.

"बरं झालं मग. जाईल आता."

"जाईल," आक्का म्हणाली.

"पण म्हणाली कशी? म्हणजे आवाज कसा होता?"

आक्का जवळ सरकली. पदरानं नाक पुसून तिनं ते वाक्य म्हणून दाखवलं, भाचीसारखंच, अगदी हळू. मिस्त्रींना तिचे ओठ हलताना दिसले.

ओठ थांबेपर्यंत ते बघत राहिले.

"हं," ते म्हणाले. "तिचाच आवाज."