चोवीस तुकड्यांवरचं पाणी

अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली, तरी वैजनाथमामा खाली उतरला नाही. चहाची वासनाच मेली होती. मांडीवरच्या पिशवीत चाचणीचे सहा तुकडे होते, आणि नांदेडहून लातूरला जायची ही तिसरी खेप. मागच्या दोन खेपांत चोवीस तुकडे मशीनवर ओढून पाहिले, चोवीसच्या चोवीस फेल. दुधाचा दात निघावा तसा एकेक रिबीट, म्हणजे जोडाचा खिळा, सुटून हातात आला.

शेजारी गीतांजली खिडकीला डोकं टेकून बसली होती. पोरगी मामाच्याच कॉलेजात पीएच.डी. करायची आणि पोटासाठी नायगावला तासिकांवर शिकवायला जायची. म्हणून तुकडे करायचं काम वर्कशॉपच्या मामाकडे. ती कागदावर लिहून द्यायची : स्पीड किती, दाब किती, सेकंद किती. मामा ॲल्युमिनियमचा रिबीट गरागरा फिरवत काचेचे धागे घातलेल्या प्लास्टिकच्या जाड पट्टीत घुसवायचा. ना आधी भोक पाडायचं, ना डिंक लावायचा. घासून घासून प्लास्टिक वितळतं, रिबीट आत जातो, झालं काम. एकतीस वर्षं मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाला त्यात काय अवघड, सांगा!

"ह्या टायमाला न्हाई धरलं तर गाईड सर विषय बदल म्हणालेत," गाडी लोहा गावाजवळ आली तेव्हा ती म्हणाली होती. म्हणजे तीन वर्षं मातीत. मामानं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

लातूरच्या लॅबमध्ये मशीनच्या जबड्यात पहिला तुकडा बसला. आकडा चढायला लागला, तसं मामानं तोंड फिरवलं. कडाड् आवाज झाला. त्यानं वळून पाहिलं तर रिबीट जागच्या जागी, फाटली होती ती पट्टी. दुसरा तसाच. सहाच्या सहा तसेच : पट्टी फाटली, पण जोड सुटला नाही.

गीतांजली ओढणीत तोंड घालून रडली, मग हसली. "मामा, ह्या खेपेला स्पीड वाढवला ना, तेच्यानंच झालं. जुना स्पीड बेकार. आता हेच लिहून टाकते."

"पण धरतंय कशानं, माय?" मामानं सहज विचारलं.

"गरमीनं. रिबीटचं टोक आत मऊ पडून फुगतं. मग भवतालचं प्लास्टिक निवत निवत त्याला आवळून धरतं. गरमी टिकली पाहिजे, बस्."

गरमी? मामाला आपलं पाणी आठवलं. धूर दिसला की काम गार करायला कूलंटचं पांढरं पाणी सोडायचं, हे त्याच्या उस्तादानं थोबाडीत देऊन शिकवलेलं. चोवीसही तुकड्यांवर त्यानं मायेनं पाणी सोडलं होतं. कागदावर पाण्याचं नाव नव्हतं, पण भाजीत मीठ घालू का म्हणून कोणी विचारतं का? आणि हे सहा करताना त्या पाण्याचा पंप जळालेला, म्हणून कोरडेच केले. सांगितलं तर पुन्हा करायला लावील, या भीतीनं गप्प बसला होता.

आताही गप्प बसायला काय जात होतं? एकतीस तारखेला रिटायर. गुडघे गेलेले, कंबर गेलेली, कोण विचारणार होतं? पण पोरगी खोटं लिहील आणि तिला कळणारसुद्धा न्हाई, हे काही त्याच्या गळ्याखाली उतरेना. लई जीवावर आलं, पण त्यानं सगळं सांगितलं.

गीतांजली स्टुलावर बसली. "चोवीसच्या चोवीस?"

"हाव."

"म्हणजे स्पीडमुळं झालं का पाण्यामुळं, काय सांगता येत न्हाई. जुन्या स्पीडनं सगळे कोरडे करून बघावे लागतील, मामा. दोन महिने जातील." आवाजात राग नव्हता, नुसता थकवा. शिव्या दिल्या असत्या तर मामाला बरं वाटलं असतं.

"म्या येतो की. रिटायर झालो तरी येतो."

"आणि सरांना काय सांगू?"

"माझं नाव सांग. तुझ्या वहीत लिही. झाकू नको."

तिनं वही उघडली. 'तुकडे १ ते २४ : ऑपरेटरने कूलंट वापरले,' असं लिहिलं आणि पेन थांबला. "मामा, पूर्ण नाव काय तुमचं?"

एकतीस वर्षांत मामानं केलेल्या तुकड्यांवर कितीक पोरं डॉक्टर झाली. पेढ्यांचे डबे आणून दिले त्यांनी, पाया पडली. पण त्यांच्या जाडजूड पुस्तकांत मामाचं नाव कुठं आलं नव्हतं, आणि हा सवाल आजवर कोणी केला नव्हता.

"वैजनाथ ग्यानोबा तेलंगे," तो म्हणाला, आणि ती बरोबर लिहितेय का, ते वाकून बघत राहिला.