पाच तारे

दुकानदाराने चार्जिंगची वायर दोन्ही हातांनी ओढली. ती गाडीत घट्ट अडकून बसली होती. पैसे बँकेतून गेले होते, पण ॲप म्हणत होतं, मिळाले नाहीत. आणि मिळाल्याशिवाय ते वायर सोडणार नव्हतं. गाडी घेतल्यापासून हे चौथं ॲप. प्रत्येक चार्जरचा आपला सवतासुभा.

मागच्या सीटवर त्याची मुलगी बॅग मांडीवर घेऊन बसली होती. ती एका विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर कामाला होती आणि तिला शिफ्टला उशीर होत होता. "खुर्चीत बसून बोलायचं, त्यात कसला आलाय थकवा?" असं तो जेवताना हमखास म्हणायचा.

त्याने चार्जरवरचा मदतीचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"सर, तुमची अडचण मी समजू शकते..."

"काय समजतेस तू? माझे पैसे खाऊन वर मलाच शिकवतेस?"

"सर, मी बघते, फक्त..."

"डोकं आहे का जरा? की कोणालाही धरून बसवतात फोनवर?"

हाच माणूस दुकानात कसा असायचा! ताग्यामागून तागा उलगडायला लावून गिऱ्हाईक हात हलवत निघून गेलं, तरी "पुन्हा या" म्हणताना याच्या तोंडात साखर. आता मात्र समोर कोणी दिसत नव्हतं.

फोनवरची मुलगी घाईघाईने म्हणाली, "सर, कृपया लाइनवर राहा." संगीत वाजू लागलं.

"रडू आलं की आम्ही असंच करतो," मागून त्याची मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती माहिती देत होती.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वायरवरचा हात त्याने काढून घेतला आणि उगाच पँटला पुसला. संगीत संपता संपत नव्हतं.

"वाट पाहिल्याबद्दल धन्यवाद, सर." आवाज जड झाला होता. "वायर सोडली आहे. पैशांची तक्रारही नोंदवली आहे."

टक् असा आवाज झाला. वायर सुटली.

"बाळा..." तो म्हणाला, तोवर फोन बंद झाला होता. स्क्रीनवर पाच तारे आले. सेवा कशी वाटली?

"पाचच्या पाच द्या, बाबा. कमी दिले तर तिला साहेबांसमोर बसवून या कॉलचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकवतील."

त्याने पाच दिले. दिले गेले की नाही, ते दोनदा पाहिलं.

त्याने गाडी काढली. सिग्नलला थांबल्यावर त्याने आरशात पाहिलं.

"तुलाही भेटतात का गं... अशी माणसं?"

ती खिडकीबाहेर बघत होती.

"अशी म्हणजे? चांगल्या घरातली असतात, बाबा. मागे त्यांची मुलं बोलत असतात ना, ऐकू येतं."