साडेत्रेचाळीस कोयते

हिशोबात मी चुकत नाही, असं मी आमच्या वस्तीला तीस वर्षं सांगत आलो, आणि ते खोटं नव्हतं. तलवाड्याच्या अलीकडं आमची वस्ती. तिथल्या दूध संस्थेचा सेक्रेटरी मी, सुंदरराव. दूध मोजायचं, फॅट काढायची, दर लावायचा. दहा पैशाचा फरक निघाला तरी मला जेवण गोड लागायचं नाही. त्यामुळं दोन हजार तेराच्या दुष्काळात टँकरसाठी माणसांची यादी करायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडंच बोट दाखवलं. जनावरं छावणीला गेली होती, संस्थेत थेंबभर दूध येत नव्हतं, मीही रिकामाच होतो.

यादी मी अर्ध्या तासात केली. घरी राहिलेली म्हातारी माणसं आणि लेकरं दारोदार जाऊन मोजली, ती भरली एकसष्ट. बाकीचे ऊसतोडीला गेलेले. ते दोन दिवसांत परतणार होते म्हणून मुकादम शहादेवला फोन केला. तो म्हणाला, साडेत्रेचाळीस कोयते. आता अर्धं माणूस सरकारी कागदावर कसं लिहायचं? अर्धा सोडला, त्रेचाळीस धरले. एकसष्ट आणि त्रेचाळीस, एकशे चार. खाली झोकात सही ठोकली आणि कागद गेवराईच्या तहसीलीत धाडला.

तोडणीवाले परतले आणि लगेच टँकर सुरू झाला. माणशी वीस लिटर, म्हणजे माणशी एक कॅन. पहिल्याच दिवशी टाकी आटली आणि रांग तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी पेटलोच. टँकरवाला उत्तरेश्वर वाटेत पाणी विकतो, असं मी छातीठोकपणे चारचौघांत सांगितलं. त्याला लई बोललो. बिचारा आईची शपथ घेत होता, तर तीसुद्धा मी खोटी ठरवली. तिसऱ्या दिवशी मी स्वतः खडू घेऊन टाकीपाशी बसलो आणि प्रत्येक कॅनागणिक भिंतीवर रेघ मारली. रेघा भरल्या एकशे चार. पाणी पुरेपूर होतं. मग बाहेरची माणसं आपल्या रांगेत घुसतात, असा दुसरा शोध मी लावला. शोध लावायला माझा हात कोण धरणार?

त्या तीन दिवसांत रांगेत मागं कोण राहत होतं, हे मात्र मी बघितलं नाही. लेकराला आणि म्हाताऱ्याला आधी पाणी द्यायचं, मग नवऱ्याला, हा घराघरातला रिवाज. बाया शेवटी. टाकी आटली की त्या घागरी घेऊन नदीतल्या झिऱ्यावर जायच्या आणि वाटीवाटीनं गढूळ पाणी भरून आणायच्या. सरूबाईला नववा महिना लागला होता, तीही जायची.

आता मालनबाईचं सांगतो. आमच्याच संस्थेची सभासद, एका गाईची मालकीण. नवरा निवृत्ती वारल्यापासून दिराच्या टोळीत एकटीच तोडणीला जायची. शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण मी कागदावर गुणाकार मांडेपर्यंत बोटांच्या पेरांवर तिचा आकडा तयार असायचा. आणि तो बरोबर असायचा. मला त्याचा रागच यायचा, खरं सांगतो. त्या तिसऱ्या दिवशी ती संस्थेत आली, मला यादी वाचून दाखवायला लावली आणि निघून गेली.

चौथ्या दिवशी टँकर आला तर रांगेत तोडणीची एकही बाई नव्हती. सगळ्या जणी समोरच्या लिंबाखाली हात रिकामे ठेवून बसल्या होत्या. गडी, म्हातारी माणसं, लेकरं आली, ज्यानं त्यानं आपापला कॅन भरून घेतला. शेवटचा कॅन भरला, टाकी आटली आणि रांगही संपली. कुणी मागं राहिलं नाही. मी खूश. भिंतीवरच्या रेघा दाखवून सगळ्यांना सुनावलं की बघा, माझा आकडा चोख होता, उगाच बोंब मारता.

मालनबाई लिंबाखालून उठली.

"आता आमाला मोजा, भाऊ."

मी मोजलं. खडू हातातच होता. चव्वेचाळीस भरल्या.

"कोयता म्हंजी नवरा-बायकू, दोघं," ती म्हणाली. "तुमी एकच लिवला."

अहो, हे मला ठाऊक नव्हतं होय? आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गडी ऊस तोडतो, बाई मोळी बांधून डोक्यावर वाहते, आणि दोघं मिळून मुकादमाच्या वहीत एक कोयता. मी याच मुलखात वाढलो. माझी आई वीस वर्षं बापाच्या कोयत्यात मोळ्या वाहत होती, आणि मला फोनवर कोयते ऐकून माणसं दिसली ती निम्मीच.

"आन अर्धा कोयता म्हंजी मी," मालनबाईनं पुढं सांगितलं. आवाज चढवला नाही. "अर्धी लिवली असती तरी धा लिटर भेटलं असतं. तुमी तर पार पुसूनच टाकलं."

मला वर बघवेना. पाढे पाठ असलेला मी माणूस, अर्ध्याचा पुढचा पूर्ण आकडा धरायचा हे चौथीत शिकलेलो. पैशाच्या हिशोबात अर्धा पैसा मी कधी सोडला नव्हता. उत्तरेश्वरची मी तिथंच सगळ्यांसमोर माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी तहसीलचे साहेब पडताळणीला येणार होते. ते जो आकडा मान्य करतील तोच पाऊस पडेपर्यंत राहणार, पुन्हा बदल नाही. मुकादमानं आकडा चुकीचा दिला म्हणून सांगा, असं दोघाचौघांनी मला सुचवलं. मनात आलंही. पण लिंबाखाली त्या बाया बसल्या होत्या आणि मालनबाई माझ्याकडंच बघत होती. मी साहेबांना सांगितलं की चूक माझीच, आणि नवी यादी पुढं केली. एकसष्ट आणि सत्त्याऐंशी, एकशे अठ्ठेचाळीस. प्रत्येक बाईचं नाव वेगळ्या ओळीवर. साहेबांनी पेन उघडलं.

"एकशे एकुनपन्नास," मालनबाई म्हणाली.

आता मात्र मी चिडलो. बाई, आकडा तीनदा तपासलाय, आता कशापायी मधी बोलता, असं मी तिला दरडावलं. तर ती म्हणाली, सरूबाई पहाटं मोकळी झाली.

साहेब हसले. तान्हं लेकरू कुठं पाणी पितं, असं म्हणाले.

"बाळंतिनीचं धुनं काय वाऱ्यानं निघतंय, सायेब?"

साहेबांनी हसू आवरलं आणि यादी माझ्याकडं सरकवली. मी खाली एक ओळ आखली आणि अडलो. बारसं व्हायचंय, नाव काय लिहू, असं मालनबाईला विचारलं. ती जवळ आली. यादीतल्या शेवटच्या ओळीवर तिचं नाव होतं, त्या ओळीच्या खालच्या रिकाम्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. तिला वाचता येत नाही. पण तिचं नाव कुठं आलंय, ते तिनं सकाळीच मला विचारून ठेवलं होतं.

"पोरगी हाय," ती म्हणाली. "पुरी एक लिवा."