खांद्याचं दुखणं

“काय, काही गोड बातमी?” असं विचारणाऱ्या माणसाला उत्तर नकोच असतं. त्याला फक्त समोरच्या सुनेचा चेहरा बघायचा असतो. शिवणकाकूंच्या दुकानात हा प्रश्न गेली तीन वर्षं येत होता. फिटिंगला आलेली बाई हात वर करून उभी राही आणि मशीनवर बसलेल्या सुनेकडे बघून हळूच तो टाकून देई. सून मान खाली घालून शिलाई मारत राही. काकू तोंडातल्या टाचण्या काढत आणि म्हणत, “हात खाली घ्या. झालं माप.”

घराची पुढची खोली म्हणजे दुकान, पडद्यामागे संसार. काकूंनी याच खोलीत कपडे शिवून मुलाला वाढवलं होतं, आणि गल्लीत त्यांचा मान होता तो शिलाईपेक्षाही त्यांच्या न बोलण्यामुळे. कुठल्या बाईला दिवस गेलेत हे टेपला नवऱ्याच्या आधी कळतं. काकू काही न बोलता शिलाईत दोन बोटं जास्त माया, म्हणजे पुढं उसवायला जादा कापड, ठेवत, आणि ती बाई समजून जाई. गोष्ट पोटात ठेवावी तर काकूंनीच, असं सगळ्या जणी म्हणत. काकूंनाही ते ऐकायला आवडे. “तीन महिने होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही,” हा त्यांचा ठरलेला सल्ला होता. “आधी बोललं की बिनसतं.”

हे मौन घरातही होतं. मूल होत नाही म्हणून सुनेच्या झाडून सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, मुलाची एकही नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगून पाहिलं, तर “मला काय धाड भरलीय?” म्हणून त्यानं हात झटकले. काकूंना ते खटकलं होतं. पण पोटच्या पोराला तोंडावर कोण बोलणार? त्या गप्प बसल्या.

आणि एका सकाळी सुनेनं पडद्याआड बोलावून हातातली तपासणीची पट्टी दाखवली. दोन रेघा होत्या. काकूंनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि दोघी आवाज न करता रडल्या.

“डॉक्टरांकडे जाऊन येऊ का, आई?” डोळे पुसत सुनेनं विचारलं.

“इतक्यात नको गं. दवाखान्याच्या बाकावर अर्धी गल्ली बसलेली असते. तीन महिने जाऊ देत, मग बँड लावून जाऊ.”

सून हसली. त्या दुपारी काकूंनी गिऱ्हाइकाचं काम बाजूला सारून सुनेचा निळा ड्रेस उसवला आणि कमरेत सैल करून ठेवला. तशी काही गरज नव्हती. पण हाताला राहवलं नाही.

गणवेशांचे दिवस होते, काम उरावर होतं. एकदा सून मशीनवरून उठून हळूच म्हणाली, “आई, जरासा डाग दिसतोय.”

“होतं कधीकधी. पडून राहा जरा.”

दुसऱ्या दिवशी ओटीपोटात एका बाजूला दुखायला लागलं. काकू म्हणाल्या, गॅस असेल. त्यानंतर तिनं खांदा धरला, आणि खरं सांगायचं तर काकूंना हायसंच वाटलं. खांद्याचं दुखणं त्यांच्या ओळखीचं होतं. आयुष्यभर मशीनवर वाकलेल्या बाईचा खांदा दुखणार नाही तर काय दुखणार?

“खांदा हा तर आपल्या धंद्याचा बोनस आहे,” त्या म्हणाल्या आणि बामची डबी घेऊन बसल्या. रगडून रगडून त्यांचा अंगठा दुखला.

“आडवं पडलं की जास्तच दुखतंय, आई.”

“नवं दुखणं आहे ना, त्याला मुरायला वेळ लागतो.”

तेवढ्यात गणवेश न्यायला समोरच्या बेकरीवाल्याची बायको आली. सुनेकडे बघताच ती थबकली. “अगं, ही पांढरीफटक पडलीय की! दवाखान्यात न्या हिला.”

काकूंच्या ओठांवर खरं आलं होतं. पण सवय वरचढ ठरली. “पित्त झालंय,” त्या म्हणाल्या.

बाई गणवेश घेऊन गेली. सून पाणी प्यायला उठली आणि पडद्याला धरून खाली कोसळली. पडदा दांडीसकट तिच्या अंगावर आला.

पुढचं काकूंना तुटक तुटक आठवतं. मुलानं त्याची सामान पोचवायची गाडी दारात आणली, तिला उचलून आत ठेवलं. दवाखान्यात कुणीतरी तिचा ड्रेस कात्रीनं कापला. काकूंनी सैल केलेला निळा ड्रेस होता तो. मग शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार लागलं आणि माय-लेक बाकावर बसून राहिले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

“ती वाचली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण थोडक्यात. गर्भ पिशवीत नव्हता, बाजूच्या बीजनळीत रुजला होता. नळी फुटली, ती काढावी लागली. हा गर्भ वाचण्यासारखा नव्हताच.”

“मी तिला मशीनवर बसवलं,” काकू पुटपुटल्या. “माझ्यामुळेच झालं.”

“नाही. मशीन चालवून किंवा जिना चढून गर्भ नळीत जात नाही, आणि कुणी बोलल्यानं किंवा न बोलल्यानंही नाही. यात तिची चूक नाही, तुमचीही नाही.” डॉक्टरीणबाई त्यांच्या शेजारी बसल्या. “पण तिला आधी काही त्रास होत नव्हता का?”

“डाग दिसत होता. एका बाजूला दुखत होतं. मग खांदा दुखायला लागला.”

“हे कुणाला माहीत होतं?”

“मला.” काकूंनी कबूल केलं. “मला वाटलं, मशीननं दुखतोय.”

“पोटात रक्त साचलं की कळ खांद्यात येते. तुम्हाला ते माहीत नसणार, त्यात नवल नाही. पण जिला माहीत आहे तिला विचारलं का नाही? वेळेत आली असती तर कदाचित इंजेक्शनवर भागलं असतं.”

“बाई, तुम्हाला बोलायला सोपं आहे,” काकू एकदम उसळल्या. “आधी सांगायचं आणि पुढे काही झालं की जो तो तिलाच टोचणार. ते कोण सोसणार?”

“गल्लीला सांगा असं मी कुठं म्हणतेय? पण गल्लीपासून लपवता लपवता तुम्ही माझ्यापासूनही लपवलंत, काकू.”

काकू मुलाकडे न बघता बोलल्या, “हा व्हायच्या आधी माझंही एक पोटातलं गेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, कुणाला कळायला नको. मी फरशी पुसली आणि परत मशीनवर बसले. आजवर कुणाला सांगितलं नाही. मी हिलाही तेच शिकवलं.”

मुलानं मान वर केली. “आई, मला कधीच...”

“आणि तुम्ही,” डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या. “तिची दुसरी नळी चांगली आहे, पुढं मूल होऊ शकतं. पण पुन्हा वाट बघावी लागली तर तुमचीही तपासणी लागेल. मूल दोघांचं असतं, तर अडचण एकटीची कशी असेल?”

“करतो,” तो म्हणाला. आपण ते तीन वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं, हे त्याला तेव्हाच कळलं. काकूंनाही.

सुनेनं डोळे उघडले तेव्हा काकू उशाशी होत्या. तिनं पोटावरच्या पट्टीवर हात ठेवला आणि पडल्या पडल्या तिच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं. मग ती क्षीण आवाजात म्हणाली, “कुणाला सांगणार नाही मी, आई.”

ते ऐकून काकूंच्या काळजात चर्र झालं. मरणाच्या दारातून परत आलेली पोर पहिल्यांदा काय म्हणते, तर हे! आपणच तिला इतकं पक्कं पढवलं!

“तुला ज्याला सांगायचं त्याला सांग,” त्या म्हणाल्या. “रडायचं तर मोठ्यानं रड. मीही रडते.”

सून काही आठवड्यांनी मशीनवर बसायला लागली. एकदा एक नवी नवरी फिटिंगला आली. टेप फिरला आणि काकूंचा हात थांबला. पूर्वीसारखी त्यांनी नुसती माया ठेवली नाही. “डॉक्टरांना दाखवलंत?” त्यांनी हळूच विचारलं.

मुलगी दचकली. “काकू, अजून कुणालाच सांगितलं नाहीये. घरचे म्हणतात, तीन महिने...”

काकू सांगायला लागणार, तोच मशीनचा आवाज बंद पडला. सून उठून आली आणि शांतपणे म्हणाली, “माझी एक नळी गेली त्या तीन महिन्यांपायी. पाळी चुकली की दाखवून ये. डाग दिसला, एका बाजूला दुखलं, चक्कर आली, नाहीतर माझ्यासारखा उगाच खांदा दुखला, तर तशीच नीघ. कोण बघेल याचा विचार करत बसू नकोस.”

मुलगी टेपसकटच खुर्चीत बसली.

आपल्या प्रत्येकाच्या घरात असं एक मौन असतं, आणि त्याला आपण शहाणपण म्हणतो. बातमी जगापासून खुशाल लपवा, तो तुमचा हक्क आहे. पण दुखणं डॉक्टरांपासून लपवू नका, आणि गेलेल्या गर्भाचा दोष कुणा बाईच्या पदरात घालू नका. शिवणकाकूंना हे शिकायला फार मोठी किंमत पडली, आणि ती त्यांनी नाही, त्यांच्या सुनेनं मोजली.