कपाटामागचा कोपरा

गावातली कुठली भिंत किती जुनी, हे विचारलं की माणसं रंगाऱ्याकडं बोट दाखवायची. त्याचं खरं नाव मतदारयादीत तेवढं होतं. आजोबा रंगारी, बाप रंगारी, हाही रंगारी. चुन्यातच वाढलेलं घराणं. माणूस ओळंब्यासारखा सरळ, बोलायलाही तसाच. त्यामुळं त्याला काम भरपूर आणि मित्र एकच. तो मित्र म्हणजे डॉक्टरांचा जुना कंपाउंडर.

डॉक्टर वारले, त्यांची मुलं परदेशी गेली आणि शंभरावर वर्षांचं त्यांचं घर गावाच्या ताब्यात आलं. किल्ल्या राहिल्या कंपाउंडरकडं. पुढं गावानं ठरवलं, की अशी सातआठ जुनी घरं नीट करायची आणि बाहेरच्यांना बघायला खुली करायची. घरांच्या आराखड्यांचं शिक्षण घेतलेली एक बाई त्यासाठी शहरातून आली. ती दिवसभर मोजपट्टी घेऊन जिने, खिडक्या, उंबरे मोजत हिंडायची. गावानं तिचं नाव पट्टीवाली बाई ठेवून टाकलं.

बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. गोष्टीत कुणीतरी वाईट असलं की ऐकणाऱ्याला बरं पडतं, राग कुठं काढायचा ते कळतं. इथं तसं कुणी नाही.

तर बाईनं डॉक्टरांच्या पुढच्या खोलीत, जिथं पेशंट बाकावर बसायचे तिथं, दाराच्या कडेला नखाएवढा चुना उकरून पाहिला. खाली निळी वेल निघाली. बाई हरखली. तशीच तडक रंगाऱ्याच्या अंगणात आली.

"काका, तुमच्या आजोबांचं काम आहे हो ते. अख्खी भिंत असणार. वरचं तेवढं काढायला हवं. वरचं चित्र काही जुनं नाही, दहाबारा वर्षांपूर्वीचं दिसतंय. सरसात कालवलेले रंग आहेत, कोमट पाण्यानं निघतील. तुमच्याइतका चुना कळणारा दुसरा माणूस नाही, असं सगळे म्हणाले."

सगळे एवढंच म्हणाले होते. वरचं काम कुणाचं, हे मात्र एकानंही सांगितलं नव्हतं. दुसरा कुणीतरी सांगेल, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

"बघतो," एवढंच रंगारी म्हणाला.

वरचं काम त्याच्या मुलीचं होतं. लहानपणी हाताला लागेल त्या फरशीवर खडूनं रेघोट्या ओढायची म्हणून तिला खडू म्हणायचे. ते नाव मोठेपणीही सुटलं नाही. बापाच्या हाताखाली ती सगळं शिकली. चुना किती दिवस भिजवायचा, सूत कसं मारायचं, ओल्या गिलाव्यावर रंग कसा द्यायचा. ओल्या चुन्यावरचं काम म्हणजे सवड नाही. गिलावा सुकायच्या आत रेघ पडली पाहिजे. एकदा पडली की ती भिंतीचीच होते, शंभर वर्षं हलत नाही. सरसाचे रंग मात्र सुक्या भिंतीवर बसून सावकाश देता येतात. ते भिंतीच्या आत जात नाहीत, वर बसतात. रंगाऱ्याच्या लेखी सरसाचं काम म्हणजे चुकारपणा होता.

अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी खडूला ती भिंत दिली. तिचं पहिलं स्वतंत्र काम. बाप मोठ्या आशेनं वाट बघत होता. पंधरा दिवसांनी कुणीतरी सहज बोलून गेलं, की तुझी पोरगी भिंतीवर सरस वापरते. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा याचा पारा चढलेला होता.

"आजोबांच्या घराण्यात सरस? चुकार कुठली! पहिल्याच ओल्या फडक्यासरशी जाईल सगळं."

ती हात धूत होती. हसून म्हणाली, "जाईल तेव्हा जाईल, बाबा. तुम्ही फडकं मारू नका म्हणजे झालं."

त्याला हसू आलं नाही. मी ती भिंत बघायलाही येणार नाही, असं तो म्हणाला, आणि शब्दाला जागला. तेवढा एक शब्द त्यानं पाळला नसता तर बरं झालं असतं. बापलेकीचं बोलणं मीठ दे, दार लाव, इतपतच उरलं. भिंत पुरी झाली आणि चार महिन्यांत खडू गेली. डोक्यात गाठ होती म्हणे. शेवटचे आठ दिवस तिला वाचा नव्हती. रुसवा काढायलाही दोन माणसं लागतात, त्यातलं एक उठून गेलं. त्यानंतर रंगारी त्या खोलीत कधी शिरला नाही. ताप आला तर शेजारच्या गावच्या डॉक्टरकडं जायचा.

पट्टीवाली बाई येऊन गेल्यावर त्यानं बायकोला विचारलं, "काय करू?"

बायको पातेलं घासत होती. बराच वेळ घासत राहिली.

"तुम्ही नाही म्हणालात तर ती शहरातून माणसं आणेल," ती म्हणाली. "ती लोखंडी पत्र्यानं भिंत खरवडतील. तुमच्या आजोबांचंही जाईल आणि हिचंही."

"हिचं तर जाणारच आहे."

"मग निदान घरच्या हातानं जाऊ दे."

असं म्हणून ती पातेलं तिथंच टाकून आत गेली.

सोमवारी सकाळी रंगारी बादली, फडकी आणि लाकडी पट्ट्या घेऊन डॉक्टरांच्या घरी गेला. कंपाउंडरनं दार उघडलं. एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा माणूस, त्या दिवशी नुसता बाजूला सरला. रंगारी आत गेला आणि अकरा वर्षांनी त्यानं ती भिंत पाहिली.

भिंतभर तारा होत्या आणि तारांवर पक्षी. रांगेत बसलेले, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत. एका चिमणीचा पंख बांधलेला. एक कबुतर जांभई देत होतं. घुबडानं चष्मा कपाळावर चढवला होता आणि तोच चष्मा ते शोधत होतं. दाराशी उंच, हडकुळा बगळा, चोचीत किल्ल्यांचा जुडगा.

"हा मी," कंपाउंडर म्हणाला. "पोरं इंजेक्शनला आली की रडायची विसरून मला हसायची. डॉक्टर म्हणायचे, निम्मं औषध भिंतच देते."

रंगाऱ्याची नजर वर गेली. सगळ्यात वरच्या तारेवर, बाकीच्यांपासून लांब एक कावळा होता. कानामागं कुंचला खोचलेला आणि सगळ्यांकडं पाठ केलेली. त्याला कुणी सांगायला नको होतं. ओळंब्यासारखा ताठ कावळा गावात एकच.

त्याला वाटलं, बादली उचलावी आणि चालू पडावं. पण घरच्या हातानं जाऊ दे, असं बायको म्हणाली होती. त्यानं फडकं कोमट पाण्यात बुडवलं, पिळलं आणि जांभई देणाऱ्या कबुतरावरून फिरवलं.

फडक्याच्या एका हातासरशी कबुतर गेलं. खरंच गेलं. त्याचीच भविष्यवाणी होती, आणि ती इतकी तंतोतंत खरी झाली म्हणून त्याला स्वतःची शिसारी आली. त्याला वाटलं होतं, थोडं झगडावं लागेल. निदान तेवढा तरी विरोध होईल. पण रंग पाण्याची वाटच बघत असल्यासारखे उतरत होते.

मग त्यानं मुद्दाम हात आखडला. दोन दिवसांचं काम पाच दिवस पुरवलं. दिवसाला एक तार. आधी पक्षी नीट बघून घ्यायचा, मग पुसायचा, मग खालची पांढरी पुटं लाकडी पट्टीनं हलकेच सोडवायची. खालून आजोबांची निळी वेल वर येत होती, पानन्‌पान शाबूत. बाई रोज डोकावून म्हणायची, "काय सुंदर आहे हो." आणि ते खोटं नव्हतं. वेल सुंदर होती. आजोबांचा त्याला आयुष्यभर अभिमान होता, आणि त्या पाच दिवसांत ते म्हातारे त्याला शत्रूसारखे वाटले.

बादलीतलं पाणी त्याच्यानं गटारात ओतवेना. कंपाउंडर मुकाट्यानं बादली उचलायचा आणि मागच्या झाडाच्या बुंध्याशी नेऊन ओतायचा.

पाठ फिरवलेला कावळा त्यानं शुक्रवारी सकाळी पुसला. त्याला फार वेळ लागला नाही.

आता औषधांचं कपाट तेवढं राहिलं होतं. भिंतीला लावलेलं, जड, काचेच्या दारांचं. दुपारी दोघांनी मिळून ते ओढलं. मागं धूळ, जाळी, एक जुनी बाटली. आणि खाली कोपऱ्यात हातभर चित्र.

रंगाऱ्यानं सवयीनं फडकं मारलं. धूळ गेली. चित्र जागच्या जागी.

त्यानं पुन्हा मारलं, जोर लावून. फडक्याला रंगाचा डागही लागला नाही. मग तो गुडघ्यावर बसला. बोट फिरवलं. गिलावा गुळगुळीत, थंड, दगडासारखा. कडेला टोच्यांच्या खुणा दिसत होत्या. जुन्या भिंतीला टोचे मारून नवा गिलावा चढवला होता, आणि तो ओला असतानाच रंग दिला होता. अगदी त्यानं शिकवलं होतं तसं.

शिकवताना त्यानं आणखीही एक सांगितलं होतं: सुरुवात नेहमी झाकल्या कोपऱ्यातून करायची, कपाट येणार असेल तिथून. हात बसेपर्यंत ज्या चुका होतील त्या मागं राहतात. म्हणजे पोरीनं सुरुवात इथून केली होती. आणि सुरुवात ओल्या चुन्यावरच केली होती.

चित्र कावळ्याचंच होतं. पण याचं तोंड समोर होतं, कानामागं कुंचला, आणि मान कलती करून तो शेजारच्या इवल्याशा चिमणीकडं बघत होता. चिमणीच्या चोचीत खडू. डोकी, पंख सगळं झोकात उतरलं होतं. पायांपाशी मात्र रेघ हलली होती. एक पाय दोनदा काढलेला. तार सुरू होऊन वीतभर थरथरत गेली होती आणि तिथंच थांबली होती. पुढं नुसता सुकलेला गिलावा होता.

इतकी वर्षं भिंतींवर हात फिरवणाऱ्या माणसाला ती थरथर वाचता आली. हा नवशिक्याचा हात नव्हता. खडूचा हात कधी हलत नसे.

"कंपाउंडर," तो न वळता म्हणाला, "तिच्या हाताला काय झालं होतं?"

कंपाउंडर बाकावर टेकला.

"तुला ठाऊक असेल असं मला वाटायचं, रंगाऱ्या."

"मला काही ठाऊक नाही. सांग."

"बोटांतलं बळ जात होतं तिच्या. ब्रश मध्येच गळायचा. पहिल्या दिवशी हा कोपरा केला आणि गिलावा हातातच सुकला, पुढं जमेना. इथंच या बाकावर बसून रडली. डॉक्टरांनी तपासलं, मोठ्या दवाखान्यात धाडलं. ती रंग आणायला जाते म्हणून गेली होती बघ."

रंगाऱ्याला आठवलं. ती नीळ आणायला म्हणून शहरात गेली होती आणि नीळ न घेताच परतली होती. त्यावरूनही तो बोलला होता. डोकं कुठं असतं तुझं, असं म्हणाला होता.

"तिथं त्यांनी सांगितलं, उशीर झालाय," कंपाउंडर म्हणाला. "मग सरस घेतला तिनं. सरस थांबतो. एका हातानं दुसरा हात धरून रंगवायची. घरी मीच सांगेन, भिंत झाल्यावर बाबांना इथं आणून सांगेन, तोवर तुम्ही बोलायचं नाही, असं तिनं डॉक्टरांकडून वचन घेतलं होतं. तू आलाच नाहीस."

कंपाउंडरच्या बोलण्यात ठपका नव्हता. असता तर सोसला असता. रंगारी भिंतीला कपाळ टेकून बसला आणि रडला. साठी ओलांडलेला माणूस, कोपऱ्यात, कपाटाच्या धुळीत. चुकार म्हणालो मी तिला, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

संध्याकाळी पट्टीवाली बाई आली. आजोबांची वेल भिंतभर पसरलेली पाहून तिनं टाळी वाजवायला हात उचलले, आणि तिची नजर कोपऱ्याकडं गेली.

"काका, एवढं राहिलं का?"

"राहिलं नाही. निघत नाही."

बाई वाकून बघू लागली. "हे कुणाचं?"

"माझ्या मुलीचं. सोमवारपर्यंत सगळी भिंत तिचीच होती."

बाई वळली. आधी त्याच्या चेहऱ्याकडं, मग रिकाम्या बादलीकडं, मग कंपाउंडरकडं बघत राहिली. तिचा चेहरा उतरला.

"मला कुणी सांगितलं नाही हो."

"मीही नाही सांगितलं," रंगारी म्हणाला.

मग तिनं अगदी हळू विचारलं, "पत्र्यानं निघेल? म्हणजे, काढायचं असंच नाही. नुसतं विचारते."

"काढाल तर आजोबांची वेलही बरोबर येईल. टोचे मारून गिलावा चढवलाय, धरून बसलाय भिंतीला. आता हे इथंच राहणार." त्यानं फडकं बादलीच्या काठावर वाळत टाकलं. "काम चोख आहे."

अकरा वर्षांपूर्वीही हे शब्द त्याच्यापाशी होते, आणि ऐकणारी त्याच्याच घरात हात धूत होती. आता त्यानं ते बाईला सांगितले, मग कंपाउंडरकडं वळून पुन्हा सांगितले, आणि दोघांनीही माना हलवल्या.

कंपाउंडरनं कपाटाला हात घातला. "हे परत जागेवर लावायचं ना?"

"नको," रंगारी म्हणाला. "उद्या तिच्या आईला घेऊन येतो. तिला बघू दे."