ब्लोअरखालची फळी

आमच्या कंपनीचं वर्षाचं नियोजन म्हणजे एका दुपारचं काम. औषधं थंड ठेवायच्या दोन खोल्या, दोन गाड्या, अकरा माणसं आणि त्यांच्यावर डोळा ठेवायला मी. मालक विचारतात, "यंदा काय काय लागेल?" मी लिहून घेते, आणि मला जे पटत नाही ते नेमकं लिहायचं राहून जातं. माझ्यामागे सगळे मला फौजदारीणबाई म्हणतात. म्हणोत बापडे.

यंदा मात्र मालकांनी भाचीला बोलावलं. शिकलेली, चार कंपन्यांतून फिरून आलेली. तिने माझी गेल्या वर्षीची यादी वाचली आणि म्हणाली, "मावशी, यात तंत्रज्ञान कुठंय?"

"आहे की. शेवटच्या पानावर. संगणक बिघडल्यास दुरुस्ती."

"म्हणजे बिघडलं की आठवणार. आपण असं करू, प्रत्येक कामापुढे लिहू, हे काम नीट चाललंय हे आपल्याला कशावरून कळतं. मग काय घ्यायचं ते आपोआप ठरेल."

मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. दर तासाला मोठ्या खोलीच्या दाराजवळची तापमानाची तबकडी बघायची आणि आकडा लिहायचा, ही आमची बारा वर्षांची शिस्त. पानंच्या पानं चार, चार, चार. "यावरून कळतं," मी म्हटलं.

तिने ते सगळं शांतपणे चाळलं. "छान ठेवलंय. पण हे दारापाशी चार आहे. आतलं कुणी बघितलंय?" आणि तीन आठवड्यांसाठी तिने खोलीत काड्यापेटीएवढे सहा सेन्सर टांगले. आली उंटावरून शेळ्या हाकायला, असं मी मनात म्हटलं. मनात कसलं, ड्रायव्हरला ऐकू गेलं.

खरं सांगायचं तर माझं चित्त तेव्हा कंपनीत नव्हतंच. घरी आईचा प्रश्न होता. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, रोज इन्सुलिन घेणारी. सहा महिन्यांपासून तिची साखर काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी दोनदा डोस वाढवला, तरी तेच. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, पथ्य नीट पाळलं जातंय का बघा. झालं, मी बघायला लागले. साखरेचा डबा वजन करून ठेवला. बिस्किटं मोजली. शेवटी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली. आई म्हणायची, "अगं, मी नाही खात गं काही." मी म्हणायचे, "मग साखर काय हवेतून येते?" रोज तीच रड. एक दिवस ती खाली मान घालून म्हणाली, "हो. खात असते मी." मला राग आला आणि हायसंही वाटलं, दोन्ही एकदम. आपलं खरं ठरलं की माणसाला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

मीच दादाला फोन केला. गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांची एक संस्था आहे, तिथं जेवण मोजूनमापून देतात आणि चोवीस तास लक्ष असतं. दादा आधी तयार नव्हता. मी त्याला म्हटलं, आपल्या डोळ्यांदेखत तिचा पाय जाईल, चालेल का तुला? मग तो तयार झाला. रविवारी तो गाडी घेऊन येणार होता. आईची बॅग भरून झाली होती.

शुक्रवारी नियोजनाची बैठक होती. मालक, भाची, दोन्ही ड्रायव्हर, बाकीची मंडळी आणि मी. भाचीने भिंतीवर आलेख दाखवला. पहिला सेन्सर, दाराजवळ, चार. दुसरा चार. तिसरा साडेचार. मी सगळ्यांकडे बघून घेतलं. चौथा साडेतीन, पाचवा तीन. गिऱ्हाइकांचा सगळा माल याच पाच सेन्सरांच्या टप्प्यात होता. मालक खूश झाले, मीही झाले.

"आणि हा सहावा," भाची म्हणाली. रेघ रोज दुपारी धाडकन खाली जात होती. उणे तीन. दोन तास तिथंच, मग परत वर. एकवीस दिवस, रोज.

मालक हसत म्हणाले, "ती आपल्या माणसांची फळी. गार हवा फेकणाऱ्या ब्लोअरच्या अगदी तोंडाशी. सगळ्यात गार जागा मी मुद्दाम आपल्या लोकांना दिलीय. घरच्यांना पहिला मान."

भाची हसली नाही. "दुपारी दार बंद असतं, तेव्हा नवा ब्लोअर थेट फळीवर हवा मारतो. तिथं काय ठेवता?"

"माझं लोणी असतं," एक ड्रायव्हर म्हणाला.

"आईचं इन्सुलिन," मी म्हटलं. घरचा फ्रिज जुना, वीज सारखी जाते, म्हणून मी तीन-तीन महिन्यांचं एकदम आणून इथं ठेवायचे आणि आठवड्याला एक बाटली घरी न्यायचे. त्या फळीवरही अगदी मागची जागा माझी. कुणाची हिंमत नव्हती तिथं हात लावायची.

भाची हळू आवाजात म्हणाली, "मावशी, इन्सुलिन एकदा गोठलं की त्याचा गुण जातो. वितळल्यावर दिसायला पुष्कळदा तसंच दिसतं."

हे मला माहीत होतं. मला! दिवसभर मी गिऱ्हाइकांच्या खोक्यांवर 'गोठवू नये' अशा चिठ्ठ्या चिकटवते. जास्त गार म्हणजे जास्त चांगलं, एवढंच कुठेतरी डोक्यात बसलं होतं. "नवा ब्लोअर कधी बसवला?" भाचीने विचारलं. सगळ्यांना पाठ होतं. सहा महिन्यांपूर्वी. गेल्या वर्षीच्या यादीत पहिल्या ओळीवर, माझ्या अक्षरात, 'मोठा ब्लोअर'. मालक नको म्हणत होते, मीच हट्ट धरला होता.

मी उठले. मालक काहीतरी म्हणत होते, मला ऐकू येत नव्हतं. जिन्यातूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "नवीन बाटली आणा, पण वाढवलेला डोस अजिबात देऊ नका, साखर एकदम कोसळेल. आधी त्यांना घेऊन या." नंतर दादाला फोन केला. "रविवारी येऊ नकोस. आई कुठंही जात नाही. चूक माझी आहे," एवढंच बोलता आलं.

घरी आई खाटेवर बसली होती, पाय उशीवर ठेवून. मी तिच्यापुढे जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. फळी, ब्लोअर, उणे तीन. तिला किती कळलं कोण जाणे. "म्हणजे औषधच काम करत नव्हतं, आई. तू काही खाल्लंच नव्हतंस."

तिने पाय उशीवरून खाली घेतले.

मला रडू आवरेना, आणि माझा स्वभाव असा मेला की रडतानाही मी तिच्यावरच ओरडले. "मग तू हो का म्हणालीस? खात असते म्हणून का सांगितलंस मला?"

"तू एवढं ठासून म्हणत होतीस," आई म्हणाली. "तू उगाच कशाला बोलशील? मला वाटलं, खात असेन मी. आठवत नसेल. डोकं गेलं असेल माझं." तिने दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले. "रोज सकाळी उठले की बोटं बघायचे गं, साखर लागलीय का म्हणून."